लांडग्यासाठी आलेलं यंत्र

मेंढपाळ वस्ती, डोंगरकडा
दि. २८ नोव्हेंबर २००४

ती. शिवहारदादास,
धाकट्या रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दिल्लीच्या थंडीचं वाचून दाखवलं तर माय लगेच तुझ्यासाठी घोंगडं विणायला टाका म्हणून आबांच्या मागं लागली. फौज तुला कोट देते हे तिला पटतच नाही. तिचं म्हणणं, सरकारनं दिलेली लोकर कुठल्या मेंढीची ते आपल्याला काय माहीत. तुझ्यासाठी पोरी बघणंही चालू आहे. तू बाहेरून नाही म्हणतोस आणि आतून हो, हे मी मायला सांगितलंय, राग मानू नकोस.

यंदा कोकरं चांगली झाली. आबांचा काळा एडका मात्र फार माजलाय. परवा त्यानं पोस्टमनच्या सायकलला टक्कर दिली, तेव्हापासून आपली पत्रं फाट्यावरच्या दुकानातच येऊन पडतात.

आता खरं ते लिहिते. घरात आबांना वाचता येत नाही आणि मायलाही नाही. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र माझ्याच हातून जातं. आज पहिल्यांदा त्याचा फायदा घेऊन राहिले, हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही.

वसमतचं कॉलेज ठीक चाललंय. पण संध्याकाळची एसटी फाट्यावर सोडते तेव्हा सहा वाजून जातात. तिथून वस्तीपर्यंतची अर्ध्या तासाची गाडीवाट तुला माहीतच आहे, दोन्हीकडं ऊस आणि केळी. दसऱ्यापासून एक लाल मोटारसायकलवाला माझ्या मागं लागलाय. शेजारच्या गावचा आहे, बापाची गावात वट आहे. आधी नुसता हॉर्न वाजवायचा. मग नाव विचारायला लागला. आता गाडी वाटेत आडवी घालतो आणि मागं बस म्हणतो. मी बांधावरून वळसा घालून येते. भ्या वाटतं दादा, खोटं काहून बोलू.

आबांना सांग म्हणशील. कसं सांगू? शेजारच्या पारूच्या वहीत कुणीतरी चिठ्ठी टाकली, तर तिच्या बापानं चिठ्ठीवाल्याला सोडून पारूचीच शाळा बंद केली. तेव्हा आपले आबा म्हणाले होते, बराबर केलं. मी माझ्या कानानं ऐकलंय. एक शब्द बाहेर गेला की माझं कॉलेज बंद. दुसरं वर्ष अर्धं झालंय रे. मला शिकवायचंय, गणिताची मास्तरीण व्हायचंय.

वर्गातल्या ज्योतीनं पेपरातलं एक कात्रण आणलं होतं. स्टन गन म्हणून करंटचं यंत्र असतं म्हणे, बॅटरीएवढं. अंगाला लावलं की माणूस झटका बसून खाली पडतो, मरत नाही. हे खरं का? खरंच काम करतं, का नुसतं पर्समध्ये ठेवायला? तुला तिकडं मिळत असलं तर बघ. आणि आबांना काही कळवलंस तर तुझी बहीण तुझ्याशी बोलणार नाही, लग्नातसुद्धा नाही.

लहान बहिणीवरची माया आहे तशीच ठेव.
तुझी,
रागिणी


दिल्ली छावणी
दि. १२ डिसेंबर २००४

चि. रागिणीस,
दादाचे अ. उ. आ.

सोबत दोन कागद आहेत. पहिला सगळ्यांना वाचून दाखव. हा दुसरा एकटीनं वाच.

तुझं पत्र वाचून आधी डोकं फिरलं. सुटी टाकून यावं आणि त्या लालगाडीवाल्याला उसातून फरफटत आणावं असं वाटलं. आमच्या सुभेदारसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, तू आठ दिवस जाशील आणि परत येशील, पोरगी तर रोज त्याच वाटेनं जाणार, तिचं बघ. तेव्हा बाजारात गेलो.

यंत्र मिळालं. दुकानदार म्हणाला, हाथी भी गिर जाएगा. सुभेदारसाहेब म्हणाले, दुकानदाराला हत्ती कधी भेटला ते विचार. म्हणून आम्ही पारख केली. औंढ्याजवळच्या तांड्यावरचा भावसिंग माझ्यासोबत आहे, तो फुशारकीनं पुढं झाला. आधी फौजेच्या जाड कोटावरून लावलं. भावसिंग म्हणाला, चालू केलंस का? मग बाही वर करून उघड्या दंडाला लावलं. पठ्ठ्या मटकन खाली बसला. दोन मिनिटांनी म्हणाला, पुन्हा लाव, नीट समजलं नाही. बंजाऱ्याची अक्कड आहे, तुला काय सांगू.

तर ध्यानात ठेव. हे लांबून चालत नाही, माणूस हाताच्या अंतरावर आला तरच. जाड कपड्यावरून काहीच होत नाही. मान, हात, पोटरी, उघडं अंग पाहिजे, आणि तीन-चार सेकंद दाबून धरावं लागतं. समोरचा तेवढा वेळ उभा राहील का, ते देवालाच माहीत. पण हवेत नुसतं बटन दाबलं तरी असं तडतडतं आणि निळी ठिणगी निघते की अर्धे लोक तिथूनच माघारी जातील. लावलंस की थांबू नकोस, पळ. पडला की नाही हे बघायलासुद्धा थांबू नकोस.

यंत्र भावसिंगजवळ देऊन राहिलो, तो सुटीवर येतोय. घरी दिसणारच, म्हणून पहिल्या कागदात लिहिलंय की आबांच्या मेंढरांना लांडग्याचा त्रास आहे, त्यासाठी दिल्लीहून यंत्र पाठवतो, रागिणीनं ते नीट चार्ज करून ठेवावं. माझी ही अक्कल बघून सुभेदारसाहेबांनीही मान डोलावली.

जपून राहा आणि या भावाला पत्राची वाट फार बघायला लावू नकोस.
तुझा दादा,
शिवहार


डोंगरकडा
दि. २६ डिसेंबर २००४

चि. शिवहारास मसाजीचा आशीर्वाद. लिहिनारी रागिणी.

आमी समदे खुशाल हाओत. तुह्या दोस्तानं, भावसिंगानं, लांडग्याचं यंत्र आनून देलं. लई गुनाचं पोरगं. च्या पेला, भाकर खाल्ली. पन यंत्राचं नाव काढलं की गालातल्या गालात हासून राहिला व्हता, काहून ते मला समजलं न्हाई.

म्या म्हनलं, लांडग्याला लावायच्या आधी पारखून घ्यावं. काळ्या एडक्याच्या पाठीवर टेकवलं आन बटन दाबलं. तडतड वाजलं. एडक्यानं मान वळवून माह्याकडं पाह्यलं आन पुन्ना पाला खाया लागला. दुसऱ्या बाजूनं लावलं. त्यो पाला खातच ऱ्हायला. (दादा, अजून कातरणी झालेली नाही, एडक्याच्या अंगावर बोटभर लोकर आहे. मी सांगितलं, पण आबा ऐकतील तर ना.)

मंग म्या घोंगडं पांघरून सोताच्या खांद्याला लावलं. गुदगुल्या बी झाल्या न्हाईत. म्या तुह्या मायला म्हनलं, आपल्या पोराला दिल्लीवाल्यानं फशिवलं, ह्याच्यापरीस चिमटा बरा. आन बोलता बोलता त्याच यंत्रानं पोटरी खाजवली. बटनावर बोट तसंच व्हतं. म्होरं काय झालं ते मला ठावं न्हाई.

(मला ठावं आहे. आबा खंडोबाचं नाव घेऊन ओरडले आणि पाचोळ्यात उताणे झाले. एडक्याला वाटलं हे आपल्याला खुन्नस देऊन राहिले, तो चार पावलं मागं सरकून आला तो नेमका आबांच्या कमरेवर. माय हसता हसता चुलीपाशी लवंडली. भाकर करपली. आबा आता विचारून राहिले की मी एवढंच बोललो आन तू एवढं काय लिहितीस. मी म्हणाले, अक्षर मोठं काढून राहिले.)

तर यंत्र पक्कं हाये. लांडग्याच्या नाकाला लावलं तर सात गावं सोडून जाईल. वस्तीतले समदे येऊन पाहून गेले. म्या ते रोज कमरंला बांधून रानात नेऊन राहिलो. रागिणी म्हनत व्हती, मी ठिवते माह्यापाशी. म्या म्हनलं, पोरीला काय करायचं ते? आता मेंढरं संतरामच्या रानात बसवली हायेत, फाट्याच्या वाटंला. सोयाबीन निघालं, रान मोकळं हाये. चार्जिंग संतरामच्या घरी होते, लाइट आसली तर.

तब्येतीला जप. लोभाला खंड पडू देऊ नको.
तुहा बाप,
मसाजी

दादा, हे खाली माझं. बघ तुझी अक्कल! लांडग्याचं यंत्र खरंच लांडग्याच्या मागं रानात गेलं आणि मी रिकाम्या हातानं येऊन राहिले. परवा त्यानं माझी वही हिसकावली आणि हसत परत दिली. आबांकडं यंत्र मागायला तोंड नाही, कारण विचारतील ना. तूच सांग आता. रा.


दिल्ली छावणी
दि. ५ जानेवारी २००५

चि. रागिणीस अ. उ. आ.

आबांचं पत्र इथं बराकीत वाचून दाखवलं. सुभेदारसाहेबांच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. पण खालच्या तुझ्या चार ओळी मी एकट्यानं वाचल्या आणि माझं हसणं जागच्या जागी जिरलं.

चूक माझी. आबांना सांगायला पाहिजे तिथं मी लबाडी शिकवली. यंत्र कसलंही पाठवलं तरी घरचं एक माणूस तुझ्या बाजूनं नसलं तर ते टॉर्चच्या लायकीचं राहतं. रागू, सांगून टाक. आबांना नाही जमत तर मायला सांग. माय आतल्या आत बरंच ओळखते, तिला गरीब समजू नकोस. संक्रांतीपर्यंत तू नाही सांगितलंस तर मी संतरामकाकांना पत्र लिहीन आणि ते आबांना वाचून दाखवतील. मग रुसायचं तर रूस. तिळगूळ मात्र पाठव.

तुझा काळजीत पडलेला दादा,
शिवहार


डोंगरकडा
दि. १८ जानेवारी २००५

ती. दादास,
रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच, मी धडधाकट आहे. आता बस आणि बाकीचं वाच.

संक्रांतीला मायला सांगितलं. ती तीळ निवडून राहिली होती. सगळं ऐकलं आणि तिळाचं सूप बाजूला ठेवलं. काल सकाळी आबा आंघोळीला बसले तर मायनं त्यांच्या कमरेच्या फडक्यातून यंत्र काढलं, त्याजागी घरातली जुनी बॅटरी गुंडाळून ठेवली आणि यंत्र माझ्या पिशवीत टाकलं. आबा दिवसभर बॅटरी कमरेला बांधून लांडग्याची वाट बघत बसले.

काल संध्याकाळी तो गाडीवाटेवरच्या पुलापाशी होता. गाडी आडवी. या खेपेस खाली उतरला आणि माझी ओढणी धरली. मी यंत्र काढून हवेत बटन दाबलं. दादा, तुझं म्हणणं खरं निघालं, तो एकदम मागं उडाला, चेहरा पांढरा पडला. तेव्हाच पळायचं होतं मी. पण मला वाटलं आता याला धडाच शिकवावा. पुढं होऊन त्याच्या छातीला लावलं. त्याच्या अंगावर जाड चामडी जाकीट! तू लिहिलेलं सगळं पाठ होतं, आणि ऐनवेळी सगळं विसरले. तो एक क्षण थांबला, मग हसला आणि माझं मनगट धरलं. यंत्र खाली पडलं.

मला ओरडायचं होतं ते वाचवा म्हणून. तोंडातून निघाली ती हाळी, आबा सांजेला मेंढरं गोळा करताना घालतात ती. कशी निघाली देव जाणे, लहानपणापासून तीच तर येते आपल्याला. आणि दादा, संतरामकाकांचं रान तिथून दोन बांधांवर! आधी आपली दोन्ही कुत्री आली. त्यांच्या मागं धुरळा, आणि धुरळ्यात अख्खा कळप. सांज झालीच होती, त्यांना वाटलं घरी जायची वेळ झाली. वाट भरून मेंढरं, पुलावर मेंढरं, लाल गाडी आडवी आणि तिच्यावरून कोकरं उड्या मारून राहिली. माझा हात कधीच सुटला होता. तो गडी पुलाच्या कठड्यावर चढून पाय वर घेऊन बसला आणि कुत्री आवरा म्हणून रडकुंडीला आला. मला रडू यायला पाहिजे होतं, पण हसू आवरेना.

मग आबा आले, घोंगडं आणि काठी घेऊन. तो म्हणाला मी नुसता टाइम विचारत होतो. आबांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्या ओढणीकडं पाहिलं, आणि मग धुळीत पडलेलं यंत्र त्यांना दिसलं. कमरेचं फडकं सोडलं तर आत बॅटरी. त्यांनी कुत्र्यांना आवाज दिला, त्या गड्याला काठीनं वाट दाखवली, तो गाडी सोडून पळाला.

घरी आल्यावर आबांनी एकच विचारलं, कधीपासून. मी म्हणाले, दसऱ्यापासून. त्यानंतर ते जेवले नाहीत, मेंढरांत जाऊन बसले. आज सकाळी मला कॉलेजला पाठवलं नाही, आखाडा बाळापूरला ठाण्यात नेलं. तक्रार मीच लिहिली, सही केली, आबांनी अंगठा दिला. कॉलेजचं अजून काहीच ठरलेलं नाही. माय म्हणते थोडा दम धर. मला माहीत आहे काय होणार ते. पारूचं झालं तेच. तो सुटला काय आणि अडकला काय, पुस्तकं माझीच माळ्यावर जाणार. आबा म्हणाले, ते कातरणी उरकून शिवहारला पत्र सांगतील. म्हणजे माझा निकाल मलाच लिहायचा आहे.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
रागिणी


डोंगरकडा
दि. ३० जानेवारी २००५

चि. शिवहारास मसाजीचा आशीर्वाद. लिहिनारी रागिणी. ह्या खेपंला मधी काही घालायचं न्हाई असं तिला बजावलं हाये.

कातरनी झाली. लोकर चांगली निघाली. तुह्या मायनं तुह्या घोंगड्यासाठी येगळी काढली. एडका आता लोकरीबिगर उघडा पडलाय आन माह्याकडं यंत्र दिसलं की मेंढराच्या वाड्याच्या पल्याड जाऊन उभा ऱ्हातो.

त्या पोराला आन त्याच्या बापाला ठान्यात बोलिवलं. पुन्ना पोरीच्या वाटंला जानार न्हाई म्हनून साहेबानं समद्यांम्होरं लिहून घेतलं. त्याचा बाप माह्याकडं आला, म्हनला मिटवून टाका, पोरीची बदनामी व्हईल. म्या म्हनलं, बदनामी त्याची व्हईल ज्यानं हात धरला. आसं म्या म्हनलं, पन मला सोताचंच नवल वाटलं. पारूच्या येळंला मीच म्हनलो व्हतो, बराबर केलं.

तू मला लांडग्याचं खोटं लिहिलं. तुही माय मला बॅटरी बांधून रानात धाडती. भावसिंग माह्या भाकरी खाऊन हासतो. समद्या घराला ठावं, फकस्त मला न्हाई. म्या लई राग धरला व्हता. चार दिस मेंढरामागं फिरलो आन इचार केला, पोरीनं मला काहून सांगितलं न्हाई. तीन महिने पोरगी रोज त्या वाटंनं आली. भेत आली. घरी येऊन मला च्या करून देला, तुहं पत्र वाचून दाखवलं, आन सांगितलं न्हाई. म्हंजी तिला त्या पोराचं जेवढं भ्या व्हतं, त्याच्यापरीस जास्ती माह्यं व्हतं.

लिही म्हनलं तर पोरगी हे लिहीना झाली व्हती. पेन धरून बसली. म्या म्हनलं, लिही, खरं हाये ते.

शिवहार, म्या काल पारूच्या बापाकडं गेलो. माह्यं चुकलं व्हतं म्हनून सांगितलं, तुहं बी चुकलं. त्यानं दोन घंटे डोकं खाल्लं, पन जूनपासून पारू पुन्ना शाळंत जानार हाये. आपली रागिणी तर सोमवारपासूनच चालली कॉलेजात. तिचं शिक्षन बंद व्हनार न्हाई. मास्तरीन झाल्याबिगर तिचं लग्नाचं नाव काढायचं न्हाई. हे दोनदा लिही म्हनलं तिला. तिचं शिक्षन बंद व्हनार न्हाई.

यंत्र तिच्यापाशीच हाये. त्याचं काम पक्कं, पन आंग उघडं सापडलं तरच, म्या सोता भोगलं हाये. तिला म्हनलं, सांजच्याला मी रोज फाट्यावर येत जाईन. तर म्हनती, आबा, तुमी यायला नको, तुमी फकस्त मी सांगते ते ऐकून घ्या. आता रोज भाकर खाताना ती सांगती आन मी ऐकतो. कोन भेटलं, कोन काय म्हनलं, मास्तरनं काय शिकिवलं. काल तिनं गनितातलं काही तरी सांगितलं, कितीबी गेलं तरी संपतच न्हाई आसं काही. मला कायबी समजलं न्हाई. पन मी उठलो न्हाई. भाकर संपली तरी बसून ऐकलं.

सुटी भेटली की ये. तुह्या जिवाला जप आन ह्या म्हाताऱ्याला पत्र धाडत जा.
तुहा बाप,
मसाजी

दादा, मधे काही घालायचं नव्हतं म्हणून इथं खाली. वरची शाई दोन ठिकाणी पसरलीय. ती मी पुसली नाही. रा.